आठ फुटी की साडेआठ फुटी? ट्रॅव्हल ट्रेलरच्या त्या सहा इंचांबद्दल

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणारं कुटुंब, नवरा-बायको आणि ११ व ८ वर्षांची दोन मुलं. दारात हाफ-टन, म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या सगळ्यात हलक्या वर्गातली, पिकअप आहे. दोन ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकांवरची घरं, मनात भरलेत: एक २४ फूट लांब आणि ८ फूट रुंद, दुसरा २७ फूट लांब आणि साडेआठ फूट रुंद. उन्हाळ्यात सांगलीहून आई-बाबा येतात, त्यांनाही फिरवायचंय, म्हणून ओढा रुंद ट्रेलरकडे. पण अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जुन्या रस्त्यांवर तो आपल्याला झेपेल का, ही धास्ती.

मी १६ वर्षं ट्रेलर ओढतेय. पहिला सात फुटी होता, मग आठ फुटी, आता साडेआठ. ओळखीतले लोक ट्रेलर घ्यायला निघाले की मला सोबत नेतात. नवरा त्याला 'स्थळ बघायला जाणं' म्हणतो. त्यात एक गोष्ट दर वेळी दिसते. लोक रुंदीचा विचार बाहेरून करतात, रस्त्यावरून. आणि रस्त्यावर रुंदीचा फरक फारसा पडत नाही. तो पडतो आत, आणि दुसरा पडतो पिकअपच्या दारावरच्या वजनमर्यादेच्या पिवळ्या स्टिकरवर.

आधी धास्तीचं बघू, ती लवकर निकालात निघते.

८ फूट म्हणजे ९६ इंच, साडेआठ म्हणजे १०२. हे आकडे ट्रेलरवाल्यांनी ठरवलेले नाहीत, ते ट्रकांकडून आलेत. १९५६च्या महामार्ग कायद्यात ट्रकची कमाल रुंदी ९६ इंच होती. १९८२च्या कायद्याने ती इंटरस्टेटवर १०२ केली, मग राज्यांनी आरव्हींसाठीही (राहायची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर) हळूहळू तीच मान्य केली. म्हणजे तुमच्या शेजारून जो अठरा चाकी धडधडत जातो तोही १०२ इंचीच असतो. त्याला जागा पुरते तर तुम्हालाही पुरेल.

इंटरस्टेटची लेन १२ फुटांची, म्हणजे १४४ इंच. आठ फुटी ट्रेलर मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना २४-२४ इंच उरतात, साडेआठ फुटीला २१-२१. एवढ्याने कुणाला घाम फुटत नाही. १० फुटी लेन असलेल्या गावच्या रस्त्यावर हेच आकडे १२ आणि ९ होतात. ९ फुटी लेनवर ६ आणि ३. इथे मात्र फरक कळतो, कारण ३ इंच म्हणजे तळहातसुद्धा नव्हे. पेन्सिल्वेनियातल्या आतल्या डोंगराळ रस्त्यांवर अशा लेन भेटतात. पण तिथे तुम्ही आठ फुटी घेऊन गेलात तरी समोरून लाकडाचा ट्रक आला की वेग कमी करून कडेला सरकणारच आहात. साडेआठ फुटीतही तेच करायचं.

रुंदीने खरोखर त्रास दिलेली एकच जागा मला आठवते, ती म्हणजे रस्त्याची कामं. एका बाजूला काँक्रीटचे कठडे, दुसऱ्या बाजूला प्लॅस्टिकचे पिंप, रस्त्याकडेची मोकळी पट्टी नाही, आणि शेजारच्या लेनमध्ये ट्रक. अशा दोन-तीन मैलांत हातांची बोटं स्टिअरिंगवर पांढरी होतात. तिथे जास्तीचे तीन-तीन इंच मोलाचे वाटतात, हे मान्य.

तुमच्या पिकअपची बॉडी आरसे सोडून साधारण ८० इंच रुंद असणार. म्हणजे आठ फुटी ट्रेलर दोन्ही बाजूंनी आठ-आठ इंच बाहेर दिसेल, साडेआठ फुटी अकरा-अकरा. पिकअपला बाहेर ओढता येणारे टोइंग आरसे आहेत का, बघा. नसतील तर दोन्ही ट्रेलरना ते लागतीलच, तेव्हा हा खर्च कोणत्याच बाजूच्या खात्यात मांडू नका.

आता वळणं. मी खांबाला ट्रेलर घासला तो एकदाच, पेन्सिल्वेनियातल्या एका पेट्रोल पंपावर. उजवीकडे वळताना पंपाजवळच्या पिवळ्या लोखंडी खांबाने दारापासून चाकापर्यंत रेघ ओढली. तो ट्रेलर आठ फुटी होता! साडेआठ फुटीवर अजून ओरखडा नाही. कारण वळणावर ट्रेलर किती आत कापतो ते रुंदीवर ठरतच नाही, ते ठरतं हिचच्या बॉलपासून, म्हणजे पिकअपला ट्रेलर जोडायच्या गोळ्यापासून, ट्रेलरच्या चाकांच्या मध्यापर्यंतच्या अंतरावर. हिशोब ढोबळ आहे: त्या अंतराचा वर्ग करा आणि वळणाच्या त्रिज्येच्या दुपटीने भागा. ४० फूट त्रिज्येचं वळण आणि अंतर १६ फूट असेल तर ट्रेलर ३.२ फूट आत येतो. अंतर १८ फूट झालं की ४ फुटांच्या थोडा वर. म्हणजे दोन फूट लांबीने दहा इंच खाल्ले, आणि रुंदीने खाल्ले असते तीन. तुम्ही २४ आणि २७ फुटी यांची तुलना करताय. पंपावर तुम्हाला त्रास देणार ती लांबी.

'पण अमुक ठिकाणी रुंद ट्रेलर जातच नाही' असंही कुणीतरी सांगेल. सांगू दे. युटातल्या झायन नॅशनल पार्कमधल्या १९३०च्या माउंट कार्मेल बोगद्याची मर्यादा आरशांसकट ७ फूट १० इंच होती. त्याहून मोठ्या गाडीला परवाना काढून, समोरची वाहतूक थांबवून नेत असत. २०२६च्या जूनपासून तर अशा गाड्यांना त्या रस्त्यावर बंदीच. ९४ इंचांच्या त्या मर्यादेत ना ९६ बसतं ना १०२. मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर, वरच्या डोंगरी टप्प्यात, २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडी चालत नाही. तुमची पिकअप आणि ट्रेलर मिळून ४० फुटांच्या पुढे जाणार, तेव्हा रुंदीपर्यंत गोष्ट पोचतच नाही. साउथ डकोटातल्या नीडल्स आय बोगद्याची रुंदी ८ फूट. आठ फुटी ट्रेलर तिथे घालायचा विचार करणाऱ्याला माझा लांबून नमस्कार. अशा सगळ्या ठिकाणी ट्रेलर कँपग्राउंडवर सोडायचा आणि नुसती पिकअप घेऊन, तिचीही आरशांसकट रुंदी आधी मोजून, फिरायचं, मग ट्रेलर कितीही रुंद असो.

तुमच्याकडून बाल्टिमोरमार्गे व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ नॅशनल पार्कला जायचं म्हटलं तर घोडं रुंदीवर नाही, गॅसवर अडतं. बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून १० पौंडांहून मोठ्या प्रोपेनच्या टाक्या न्यायला मनाई आहे, आणि ट्रेलरच्या टाक्या साधारण २० ते ३० पौंडांच्या. पूर्वी लोक तिथल्या बंदरावरच्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून वळसा घालायचे. तो पूल २६ मार्च २०२४ला जहाज धडकून पडला, तेव्हापासून ६९५ नंबरच्या रिंगरोडची पश्चिमेकडची बाजू हाच मार्ग उरलाय. आणि कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर ट्रेलर मुळातच चालत नाही, कोणत्याही रुंदीचा. गूगल मॅपला यातलं काही कळत नाही, तेव्हा निघण्याआधी रस्ता स्वतः बघायचा.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. माहितीपत्रकात छापलेली रुंदी बहुधा भिंतीपासून भिंतीपर्यंतची असते. उजव्या बाजूला गुंडाळलेलं ऑनिंग (सावलीचं कापडी छत), दाराचा मोठा दांडा, बाहेरचे दिवे हे त्यात धरलेले असतीलच असं नाही. बऱ्याच राज्यांत कायदाही ऑनिंग मोजत नाही, पण झाडाची फांदी मोजते. डीलरच्या आवारात टेप लावून खरं माप घ्या आणि कागदावर लिहून पिकअपच्या सनव्हायझरला अडकवा. उंचीचंही तसंच, एसीच्या टोपीसकट.

आता आत चला.

ट्रेलरच्या आत शिरलात की एका बाजूला ओटा, समोर डायनेट (जेवायचं टेबल आणि बाकं) किंवा सोफा, मधून वाट. या वाटेला इंग्रजीत काहीही म्हणोत, आमच्या घरात तिला 'बोळ' म्हणतात. नवरा सदाशिव पेठेतला. आणि रुंद ट्रेलरची सगळी कहाणी या बोळातच आहे. ९६ इंची ट्रेलरच्या भिंती वजा केल्या तर आत ९२च्या आसपास उरतात. ओटा २४ इंच खोल, डायनेट भिंतीपासून ४०च्या घरात. बोळ उरला २८ इंचांचा. आता १०२ इंची घ्या. आत ९८. ओटा तोच, २४. डायनेट तेच, ४०, कारण माणसाच्या मांड्या ट्रेलर बदलला म्हणून लांब होत नाहीत. बोळ झाला ३४. म्हणजे तुम्ही विकत घेतलेले सहाच्या सहा इंच बोळात जमा झाले. कपाट मोठं झालं नाही, बाथरूम जेमतेम. बोळ मात्र वीस टक्क्यांहून जास्त रुंद झाला.

याचा अर्थ पोळ्या लाटताना कळतो. ओट्याशी उभा राहून काम करणारा माणूस बोळातले १३-१४ इंच अडवतो. लाटताना कोपर मागे येतं, तेव्हा थोडे जास्तच. २८च्या बोळात मागे १५ इंच राहतात. त्यातून जाणाऱ्याला अंग चोरून, आडवं होऊन जावं लागतं, आणि त्याच वेळी तव्यावरची पोळी फुगलेली असते. ३४च्या बोळात मागे २१ इंच राहतात, त्यातून माणूस सरळ चालत जातो.

आठ फुटी ट्रेलर होता तेव्हाचा प्रसंग सांगते. आम्ही वेस्ट व्हर्जिनियात होतो, सकाळपासून पाऊस. सासूबाई ओट्यापाशी, मी डायनेटवर कांदा चिरतेय, मुलगा बाथरूममधून बाहेर येणार, आणि नवऱ्याला फ्रिजमधून दही हवं. फ्रिजचं दार उघडलं की बोळ बंद. बाथरूमचं दार उघडलं की तेही बोळात. सासूबाई म्हणाल्या, "एकेक जण जागा सोडा रे, मी फोडणी घातलीय." मोहरी तडतडेपर्यंत चौघं जण कुणी हलायचं ते ठरवत होतो. बाहेर ऊन असतं तर ही वेळच आली नसती. स्वयंपाक बाहेरच्या टेबलावर झाला असता. ट्रेलरच्या रुंदीची परीक्षा पावसात होते. पूर्वेकडे उन्हाळ्यात पाऊस भरपूर, आणि तो नसेल त्या दिवशी डास. युटा-ॲरिझोनात फिरणारे लोक 'आत कोण बसतंय?' म्हणतात ते त्यांच्यापुरतं खरं आहे. आपल्याकडे आत बसावं लागतं.

तेव्हा डीलरकडे जाताना एक पोळपाट न्या. हसू नका, मी नेते. तो ओट्यावर ठेवा, एकाने लाटायला उभं राहा, दुसऱ्याने फ्रिज उघडा, तिसऱ्याला बाथरूमकडे जाऊ द्या. विक्रेता चमकून बघेल, बघू दे. माहितीपत्रकावरच्या रंगीत नकाशात जी माणसं नसतात, ती अशी उभी करून बघायची.

झोपायचंही बघा. पलंग लांबीच्या दिशेने आणि दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा असेल, तर ६० इंची क्वीनच्या दोन्ही बाजूंना आठ फुटीत १६-१६ इंच राहतात, साडेआठ फुटीत १९-१९. दोन्हीत उतरता येतं. १६मध्ये पाय आडवा टाकत, १९मध्ये नीट. पलंग आडवा असेल, म्हणजे एक बाजू समोरच्या भिंतीला चिकटलेली, तर भिंतीकडच्याने रात्री उठायचं म्हणजे दुसऱ्याला ओलांडायचं. आई-बाबांना पलंग देणार असाल, आणि आपल्या घरांत तो त्यांनाच दिला जातो, तर आडवा पलंग कितीही रुंद ट्रेलरमध्ये असला तरी नको. आरव्हीतली क्वीन गादी घरातल्यापेक्षा आखूड असते हेही ध्यानात घ्या, ८०ऐवजी ७४-७५ इंच. बाबा उंच असतील तर आडवं होऊन बघू द्या. म्हणजे ते आल्यावर. तोवर तुम्ही व्हा.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की माझं मत साडेआठ फुटीकडे झुकतंय. आतल्या जागेपुरतं झुकतंयच. पण आता पिवळं स्टिकर.

रुंद ट्रेलर सहसा नुसता रुंद मिळत नाही, त्याच्यासोबत लांबी आणि वजनही येतं. एअरस्ट्रीम कंपनीचंच घ्या: त्यांच्या फ्लाइंग क्लाउड मालिकेत २३ फुटी ट्रेलर ८ फूट रुंद आहे, आणि २५ फुटी ८ फूट साडेपाच इंच. म्हणजे नुसती रुंदी निवडायची सोय नाही, रुंदी घेतली की लांबीही घ्यायची. तुमच्या दोन ट्रेलरांतही तेच आहे, सहा इंचांबरोबर तीन फूट आलेत.

पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं स्टिकर असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाता कामा नये. हाच पेलोड. डीलर तुम्हाला 'तुमची गाडी ११,००० पौंड ओढते' असं सांगेल. ओढत असेलही. पण ट्रेलरचा जो भार हिचवर खाली दाबतो, तो टंग वेट, तो पिकअप पाठीवर घेते, आणि तो या स्टिकरच्या आकड्यातून वजा होतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के टंग वेट असावं लागतं. त्याहून कमी असेल तर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. मी १३ धरते.

समजा तुमच्या स्टिकरवर १६५० लिहिलंय. हाफ-टनमध्ये असे आकडे सर्रास दिसतात. तुम्ही दोघं ३१०, मुलं १५०. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे ट्रेलरचा भार वाटून देणारी जोडणी, ९०. मागच्या हौद्यात सायकली, लाकडं, छोटा जनरेटर मिळून १५०. झाले ७००, उरले ९५०. तुमचा २७ फुटी रुंद ट्रेलर भांडीकुंडी, पाणी, तांदळाच्या पिशवीसकट ७००० पौंडांचा धरू. त्याचे १३ टक्के म्हणजे ९१०. बसला, चाळीस पौंड राखून.

आता आई-बाबांना बसवा. दोघांचे मिळून २७०. उरले ६८०, आणि ट्रेलर मागतोय ९१०. २३० पौंड जास्त. ज्यांच्यासाठी रुंद ट्रेलर घ्यायचा, ते गाडीत बसले की रुंद ट्रेलर झेपत नाही. खरी गोम इथे आहे. मी किमान चार कुटुंबांना हा हिशोब मांडून दाखवलाय आणि चारही वेळा दोन मिनिटं कुणी बोललं नाही.

आठ फुटी ट्रेलर भरून ५२०० धरला तर १३ टक्के होतात ६७६. उरलेत ६८०. चार पौंड शिल्लक, म्हणजे बाबांनी निघताना नाश्ता केला नाही तर. सायकली घरी ठेवल्या की जरा श्वास घेता येईल. हे सगळे आकडे मी धरलेले आहेत. तुमच्या स्टिकरचा आकडा टाकून हाच हिशोब स्वतः करा, आणि ट्रेलरचं वजन माहितीपत्रकातलं रिकामं घेऊ नका, ट्रेलरवर चिकटवलेल्या पत्रकावरचं कमाल वजन घेऊन बघा. रिकामा ट्रेलर फक्त डीलरच्या आवारात असतो. घेतल्यावर एकदा सगळं भरून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर नेलात की शंकाच नको.

सहा माणसं तुमच्या पिकअपमध्ये बसतात का तेही पाहा. पुढे अखंड बाक असेल तर बसतील, मध्ये कन्सोल असेल तर पाचच. 'एक-दोघं ट्रेलरमध्ये बसतील की' असं कुणीतरी हमखास म्हणतं, बहुतेक वेळा काका लोक. चालत्या ट्रेलरमध्ये माणूस बसवायला बऱ्याच राज्यांत मनाई आहे, आणि नसेल तिथेही नको. आत ना पट्टा, ना काही. एक खड्डा आला की कपाटातले डबे बाहेर येतात, माणसाचं काय होईल.

मग मार्ग काय? तीन दिसतात. आई-बाबांबरोबर दुसरी गाडी नेणं. बायको ती चालवेल, आणि थांब्यांवर मुलं इकडून तिकडे उड्या मारतील. हे वाटतं त्यापेक्षा सोयीचं असतं, कारण म्हाताऱ्या माणसांना पिकअपमध्ये चढ-उतर नको असते, आणि ट्रेलर लावलेला असताना वाणसामानासाठी सुटी गाडी हाताशी राहते. दुसरा मार्ग वरच्या वर्गातली थ्री-क्वार्टर टन पिकअप, पण मग ट्रेलरचा प्रश्न गाडीचा होऊन बसतो आणि रोज ऑफिसला ते धूड घेऊन जावं लागतं. तिसरा मार्ग म्हणजे आठ फुटीच घेणं, पण आतल्या रचनेचा नकाशा नीट निवडून.

तिसऱ्यावर थोडं जास्त बोलते, कारण माझ्या मते तुमचं उत्तर तिथे आहे. बोळ रुंद करण्याचा दुसरा उपाय म्हणजे स्लाइड, ट्रेलर उभा केल्यावर बाहेर सरकणारी भिंत. डायनेट ज्या भिंतीवर आहे तीच बाहेर सरकत असेल, तर ओट्यासमोर दोन-अडीच फूट मोकळे होतात. त्यापुढे साडेआठ फुटीचे सहा इंच म्हणजे काहीच नाही. स्लाइडचं वजन असतं, तिचं रबर वाळतं, तिच्या मोटरी बिघडतात, आणि दर काही वर्षांनी पाणी कुठून येतंय ते शोधत छपरावर चढावं लागतं. माझ्या सध्याच्या ट्रेलरला स्लाइड नाही. आम्ही दोघंच असतो आणि मला ती कटकट नको. तुम्ही सहा जण आहात, तुम्हाला ती कटकट परवडेल.

फक्त डीलरकडे स्लाइड बंद करून आत जा. हे कुणी करत नाही. विक्रेता ट्रेलर नेहमी उघडून, दिवे लावून, गाद्यांवर उशा रचून दाखवतो. स्लाइड बंद असताना बाथरूमपर्यंत पोचता येतं का? फ्रिज निम्मा तरी उघडतो का? रस्त्यात रेस्ट एरियात थांबून आईंना बाथरूमला जायचं असेल, तर तिथे ट्रकांच्या रांगेत स्लाइड बाहेर काढायला जागा नसते. मी एका सुंदर ट्रेलरला एवढ्याच कारणावरून नकार द्यायला लावलंय; स्लाइड बंद केली की सोफा बाथरूमच्या दाराला टेकत होता.

आणि बाथरूम पलंगाच्या शेजारी हवं, ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला नको. आई-बाबा पुढच्या पलंगावर, मुलं मागच्या बंकवर (एकावर एक बिछाने), तुम्ही दोघं मध्ये डायनेट मोडून केलेल्या बिछान्यावर, आणि बाथरूम मागे, अशी रचना असेल तर रात्री दोन वाजता बाबा अंधारात तुमच्या पायांवरून चाचपडत जातील. अशा वेळी बोळ २८ असो की ३४, डायनेटच्या बिछान्याबाहेर लोंबणारा पाय दोन्हीत लागतो.

वाऱ्याची काळजी रुंदीपायी करू नका. आडवा वारा ट्रेलरला बाजूने ढकलतो. त्याला लांबी आणि उंची दिसते, रुंदी नाही. समोरून मात्र रुंद ट्रेलर सहा टक्क्यांच्या आसपास जास्त हवा कापतो. पेट्रोल थोडं जास्त जाईल. पण ताशी ६० मैलांऐवजी ६५ने चालवलंत तर हवेचा विरोध १७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे पाय जरा आखडता घेतला की रुंदीची भरपाई होऊन वर उरते. फोर्डच्या टोइंग मार्गदर्शिकेत ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादाही दिलेली असते. तुमच्या इंजिनासमोर काय लिहिलंय ते बघून ठेवा. हे पान डीलर कधी उघडत नाहीत.

शेवटचं म्हणजे ठेवायचा कुठे. घराच्या बाजूच्या फाटकातून नेणार असाल तर फाटक मोजा, आणि फाटकापर्यंतचं वळणही. भाड्याच्या आवारात जागा १० फुटी असेल तर साडेआठ फुटी ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना मिळून १८ इंच राहतात, आठ फुटीच्या २४. दार अर्धवट उघडून आत शिरावं लागतं आणि स्लाइड काढून दुरुस्ती करणं तर सोडाच. १२ फुटी जागा महिन्याला थोडी महाग पडते. मी तीच घेते.

तर या शनिवारी पुन्हा जा. जोडीला टेप, पोळपाट आणि पिकअपच्या स्टिकरचा फोटो. आठ फुटीत ओट्यासमोरच्या भिंतीला स्लाइड असलेला, पलंग दोन्ही बाजूंनी उतरता येणारा, बाथरूम पलंगाला लागून आणि मागे बंक असा नकाशा आहे का, विचारा. अनेक कंपन्या बनवतात. नसेल, आणि आई-बाबा दुसऱ्या गाडीतून यायला तयार असतील, तर साडेआठ फुटी घ्या. पहिल्या दिवशी तो घेऊन थेट रस्त्यावर न जाता रविवारी सकाळी एखाद्या मोठ्या दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नेऊन दोन तास उजवी वळणं घ्या. सांगलीला फोन करून बाबांचं वजनही विचारा. मी अंदाजाने धरलंय.